मूल नेमके कुठे अडते?

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलाविषयी बोलायला आलेले पालक किंवा वर्गशिक्षक बहुतेक वेळा एका नावाच्या शोधात असतात. डिस्लेक्सिया (वाचनातील विशिष्ट अडचण) आहे का, स्वमग्नता (ऑटिझम) आहे का, अतिचंचलता आहे का, की मुलगा नुसताच आळशी आहे, असे पर्याय त्यांच्या मनात आधीच तयार असतात आणि त्यांपैकी एकावर आम्ही शिक्का मारावा अशी त्यांची अपेक्षा असते. विशेष शिक्षक म्हणून काम करताना माझे मत असे बनत गेले आहे की, नाव कळल्याने काम जितके पुढे सरकते त्याहून अधिक ते एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नाने सरकते: हे मूल नेमक्या कोणत्या पायरीवर अडते?

नाव निरुपयोगी असते असे मला म्हणायचे नाही. निदान झाल्यावर परीक्षेतील सवलती मिळतात, उपचारांची दारे उघडतात, आणि वर्षानुवर्षे ‘ढ’ म्हणून हिणवल्या गेलेल्या मुलाला आपण ढ नव्हतो हे पहिल्यांदा कळते. या शेवटच्या गोष्टीचे मोल मी कमी लेखणार नाही. काही वेळा तर नावच सर्व काही असते. बोलता बोलता काही सेकंद शून्यात पाहणारे आणि मग काहीच न झाल्यासारखे पुढे चालू करणारे मूल स्वप्नाळू नसून त्याला अपस्माराचे छोटे झटके येत असू शकतात, आणि तेथे वर्गातील युक्त्या नव्हे, डॉक्टर हवा असतो. फळ्यावरचे उतरवून न घेणाऱ्या मुलाचे डोळे आणि हाक मारल्यावर वळून न पाहणाऱ्या मुलाचे कान आधी तपासायला हवेत, हे सांगण्याची गरज पडू नये; पण पडते. तरीही एकच निदान असलेली दोन मुले वर्गात अगदी निराळी असतात. स्वमग्नता असलेले एक मूल वयाच्या मानाने अस्खलित वाचते, पण गोष्टीतील पात्र खोटे का बोलले हे त्याला उमगत नाही. दुसरे एकही शब्द उच्चारत नाही, पण चित्रांच्या तक्त्यावर बोट ठेवून आपल्याला काय हवे ते चोख सांगते. दोघांच्या अहवालावरचे नाव एकच असते. त्या नावावरून सोमवारी सकाळी काय शिकवायचे हे ठरत नाही.

हा विचार नवा नाही. १९०५ मध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी पॅरिसमध्ये बुद्धिमापनाची चाचणी तयार केली, ती नेहमीच्या वर्गात मागे पडणारी आणि वेगळ्या अध्यापनाची गरज असणारी मुले ओळखण्यासाठी. मुलांची आयुष्यभराची प्रतवारी लावणे हा तिचा हेतू नव्हता. पुढे अशाच चाचण्यांतून निघणाऱ्या आकड्याच्या आधारे मुलांना शिक्षणाबाहेर ठेवले गेले. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९७० चा कायदा होऊन तो पुढच्या वर्षी अमलात येईपर्यंत काही मुले ‘शिकवण्यास अयोग्य’ ठरवून शिक्षणखात्याच्या कक्षेबाहेर ठेवली जात असत. त्यानंतर १९७८ मध्ये मेरी वॉर्नॉक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने अपंगत्वाचे वैद्यकीय वर्ग बाजूला ठेवून ‘विशेष शैक्षणिक गरज’ हा पाया मानला आणि शालेय जीवनात केव्हा ना केव्हा अशी मदत लागणारी मुले पाचांत एक इतकी असू शकतात असे मांडले. १९९४ मध्ये स्पेनमधील सालामांका येथे ९२ देशांच्या प्रतिनिधींनी सर्वसमावेशक शिक्षणाचे जाहीरनाम्याद्वारे समर्थन केले, आणि २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक कराराच्या २४ व्या कलमाने तो हक्काचा विषय झाला. युनिसेफने २०२१ मध्ये जगातील अपंगत्व असलेल्या मुलांची संख्या सुमारे २४ कोटी असल्याचा अंदाज दिला. कागदावरचा प्रवास असा मोठा आहे. वर्गातला प्रवास मात्र अजूनही एका मुलापासून आणि त्याच्यासमोरच्या एका उताऱ्यापासून सुरू करावा लागतो.

वाचनाचेच उदाहरण घेते, कारण सर्वाधिक तक्रारी तिथून येतात. ‘चौथीत आहे, पण वाचता येत नाही’ या वाक्यातून मला जवळजवळ काहीच कळत नाही. फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर यांनी १९८६ मध्ये केलेली एक मांडणी येथे फार कामाला येते. वाचून समजणे म्हणजे लिहिलेला शब्द उलगडता येणे आणि ऐकलेली भाषा समजणे या दोन क्षमतांचा गुणाकार आहे, असे त्यांनी म्हटले. बेरीज नव्हे, गुणाकार; म्हणजे दोहोंपैकी एक शून्य असली की उत्तर शून्यच येते. यावरून एक सोपी तपासणी सुचते. जो उतारा मुलाला वाचता येत नाही, तो आपण त्याला वाचून दाखवावा आणि त्यावर प्रश्न विचारावेत. उत्तरे नीट आली, तर त्याची भाषा आणि आकलन शाबूत आहे, अडचण शब्द उलगडण्याची आहे. उत्तरे आली नाहीत, तर त्याच्याकडून कितीही बाराखडी घोटून घेतली तरी हाती काही लागणार नाही. त्याला शब्दसंपत्ती, वाक्यरचना आणि गोष्ट समजून घेण्याचा सराव हवा आहे. या तपासणीला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि ती कोणताही शिक्षक किंवा पालक करू शकतो. ती न करताच शिकवण्या लावल्या जातात याचे मला आजही आश्चर्य वाटते.

अडचण शब्द उलगडण्याची आहे असे दिसले, तरी शोध संपत नाही. आता खाली उतरून पाहावे लागते की, मुलाला शब्दातले आवाज कानाने वेगळे करता येतात का. ‘कमळ’ या शब्दातला ‘क’ काढून टाकला तर काय उरते, हे अक्षर न दाखवता विचारले तर ते सांगू शकते का. डिस्लेक्सिया म्हणजे अक्षरे उलटी दिसणे, असा समज फार पसरलेला आहे. प्रत्यक्षात सहा-सात वर्षांपर्यंतची पुष्कळ मुले अक्षरे उलटी काढतात आणि पुढे आपोआप थांबतात, तर डिस्लेक्सिया असलेल्या बहुसंख्य मुलांची मूळ अडचण भाषेतील ध्वनी ओळखून, वेगळे करून ते अक्षरांशी जोडण्यात असते. त्यातही देवनागरीच्या स्वतःच्या खोड्या आहेत, आणि इंग्रजीवरून तयार केलेल्या तपासणीयाद्यांत त्या कधीच सापडत नाहीत. ‘कि’ म्हणताना आधी क आणि मग इकार उच्चारला जातो, पण डोळ्यांना आधी वेलांटी दिसते. एकच र ‘अर्क’, ‘चक्र’, ‘राष्ट्र’ आणि ‘दऱ्या’ या शब्दांत चार निरनिराळे वेश घेऊन येतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, प आणि ष या जोड्या एका छोट्या रेषेने वेगळ्या होतात. ‘चार’ आणि ‘चाक’ यांतला च लिहिताना एक, पण उच्चारताना दोन. अशा अडचणींप्रमाणे गट करून तीसेक शब्दांची यादी तयार करावी, मुलाला ती शांतपणे वाचू द्यावी आणि प्रत्येक चूक जशीच्या तशी लिहून घ्यावी. सुरुवातीचे दहा शब्द झाल्यावर बहुधा चित्र दिसू लागते: ‘याला वाचता येत नाही’ या तक्रारीच्या जागी ‘याला साधी अक्षरे आणि काना येतो, वेलांटीत गोंधळ होतो आणि रफार शिकवलेलाच कळलेला नाही’ असे वाक्य येते. दुसऱ्या वाक्यावर काम करता येते.

येथे एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. जर्मन किंवा इटालियन यांसारख्या ज्या भाषांत लेखन आणि उच्चार यांचा मेळ जवळचा आहे, त्या भाषांत डिस्लेक्सिया असलेली मुले चुका तुलनेने कमी करतात; त्यांची अडचण उरते ती वेगाची. मराठीचे लेखनही बरेचसे उच्चारानुसारी आहे, त्यामुळे एक एक अक्षर लावत, पण शेवटी बरोबर वाचणारे मूल आपल्याकडे सहज नजरेतून सुटते. ‘वाचतो की!’ असे घरचे म्हणतात आणि ते खोटेही नसते. पुढच्या इयत्तांत धडे लांबतात, इतिहास-भूगोलाची पाने वाढतात, आणि मग हेच मूल अचानक ‘अभ्यास करत नाही’ असे ठरते. त्याने अभ्यास सोडलेला नसतो. इतरांना एका तासात जेवढे वाचून होते तेवढे त्याला तीन तासांत होत नाही, इतकेच. म्हणून मी नेहमी चुकांबरोबर वेळही नोंदवते.

उपाय काय, असे विचाराल तर त्यात चमकदार काही नाही. ध्वनी आणि अक्षर यांचा संबंध क्रमाने, उघडपणे, लहान लहान टप्प्यांत शिकवणे, रोज थोडा वेळ शिकवणे, आणि मागचे पक्के झाल्याशिवाय पुढे न जाणे, हा मार्ग सर्वांत भरवशाचा आहे. मात्र तो चालू असताना मुलाचा बाकीचा अभ्यास खोळंबू देऊ नये. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले होते की वाचणारा अधिक वाचतो, त्यातून त्याचे शब्द वाढतात आणि तो आणखी चांगला वाचतो, तर अडखळणारा वाचन टाळतो आणि त्याची भाषाही मागे राहू लागते. म्हणून वाचनाच्या सरावाबरोबरच विज्ञानाचा धडा त्याला कोणीतरी वाचून दाखवावा, ध्वनिमुद्रित पुस्तके द्यावीत, उत्तरे तोंडी घ्यावीत. ‘असे लाड केले तर वाचायला कधी शिकणार?’ हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो. वाचायला तो वाचनाच्या तासात शिकेल. विज्ञानाच्या तासात त्याला विज्ञान मिळाले पाहिजे.

सूचना न पाळणाऱ्या मुलांच्या बाबतीतही हाच शोध घ्यावा लागतो. ‘वह्या काढा, मागच्या पानावर तारीख लिहा, तिसरा प्रश्न सोडून बाकीचे सोडवा आणि झाले की वही टेबलावर ठेवा’ असे सांगितल्यावर एक मूल वही काढते आणि स्वस्थ बसून राहते. दुरून पाहणाऱ्याला तो हट्टीपणा वाटतो. माणूस हातातले काम करताना आवश्यक ती माहिती काही क्षण मनात धरून ठेवतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये ज्या वर्किंग मेमरीचा आराखडा मांडला ती हीच. तिची मर्यादा प्रत्येकात वेगळी असते, आणि ज्या मुलाची ती तोकडी असते त्याच्या मनातून चौथी सूचना ऐकेपर्यंत दुसरी निघून गेलेली असते. ‘लक्ष दे’ असे ओरडल्याने ती परत येत नाही. सूचना एकेक करून दिली, फळ्यावर लिहून ठेवली आणि मुलाकडून एकदा वदवून घेतली की हा हट्टीपणा बऱ्याचदा दिसेनासा होतो.

प्रश्न विचारल्यानंतर थांबण्याविषयीही दोन शब्द. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांची ध्वनिमुद्रणे अभ्यासून दाखवले की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंदाच्या आसपासच थांबतात, आणि ते तीन सेकंद किंवा अधिक थांबू लागले तर उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणे कमी होते. भाषा मनात जुळवायला ज्यांना वेळ लागतो त्या मुलांसाठी ते दोन सेकंद म्हणजे उत्तर देता येणे आणि न येणे यांतले अंतर आहे. यासाठी ना निधी लागतो, ना प्रमाणपत्र. तरीही थांबणे अवघड जाते, कारण वर्गातली शांतता शिक्षकालाच आधी बोचते.

वर्तनाचा प्रश्न आला की मात्र सगळ्यांचाच धीर सुटतो. वही फेकणारे, बाकाखाली जाऊन बसणारे, ओरडणारे मूल ‘लक्ष वेधून घेण्यासाठी’ तसे करते असे चटकन ठरवले जाते. मी वर्गशिक्षकांना एवढेच सुचवते की आठवडाभर प्रत्येक प्रसंगाच्या तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: लगेच आधी काय चालले होते, मुलाने नेमके काय केले आणि लगेच नंतर काय झाले. ‘खूप चिडला’ असे न लिहिता ‘वही जमिनीवर टाकली’ असे लिहावे. अशा नोंदींतून एक मुलगा जवळजवळ प्रत्येक वेळी लेखनाचे काम सुरू होताना वही फेकतो हे दिसून आले होते. वही फेकली की त्याला वर्गाबाहेर उभे केले जाई, आणि बाहेर उभे राहिल्यावर लिहावे लागत नसे. शिक्षा समजून जे दिले जात होते, ती त्याची सुटका होती. त्याला पेन्सिल धरून दोन ओळींपेक्षा जास्त लिहिताना हात दुखत असे, हे त्यानंतर समजले. लेखनाचे प्रमाण कमी करून, काही उत्तरे तोंडी घेऊन आणि ‘मला थांबायचे आहे’ असे सांगण्यासाठी एक कार्ड देऊन वही फेकणे ओसरत गेले. प्रत्येक वर्तनाचे कोडे इतके नीट सुटते असे नाही. काहींचे धागे घरात, झोपेत, औषधांत किंवा कोणी देत असलेल्या त्रासात असतात आणि ते हाती लागायला महिने जातात. पण नोंदीशिवाय तर ते लागतच नाहीत.

स्वमग्न मुलांच्या बाबतीत आणखी एक भेद ध्यानात ठेवावा लागतो. एखादी वस्तू मिळावी म्हणून केलेला हट्ट आणि आवाज, प्रकाश, गर्दी किंवा अनपेक्षित बदल असह्य होऊन झालेला उद्रेक बाहेरून सारखे दिसतात. पहिल्यात मूल समोरच्याच्या प्रतिक्रियेकडे पाहत असते. दुसऱ्यात ते कोणाकडेच पाहत नसते. दुसऱ्या प्रसंगी समजावणे, प्रश्न विचारणे, नजरेला नजर द्यायला लावणे हे सारे ओझे वाढवते. कमी बोलावे, गर्दी हटवावी, दिवा मंद करता येत असेल तर करावा आणि थांबावे. मुळात उद्रेक टळावा म्हणून दिवसाचा क्रम चित्रांनी भिंतीवर लावणे आणि बदल होणार असेल तर तो आधी त्या चित्रांत दाखवणे फार उपयोगी पडते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे एरिक शॉप्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून टीच या कार्यक्रमात अशा दृश्य रचनेचा पद्धतशीर वापर केला. याबरोबरच २०१२ मध्ये डेमियन मिल्टन या स्वतः स्वमग्न असलेल्या अभ्यासकाने मांडलेला मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. स्वमग्न व्यक्तीला इतरांचे मन कळत नाही असे आपण म्हणत आलो, पण इतरांनाही स्वमग्न व्यक्तीचे मन तितकेच कळत नाही. न समजणे दोन्ही बाजूंनी आहे. वर्गात याचा अर्थ असा की वळण फक्त त्या मुलाला लावायचे नसते, आजूबाजूच्या एकोणचाळीस मुलांना आणि शिक्षकालाही थोडे वळायचे असते.

मूल कुठे अडते हे कळले की मदत ठरते, आणि येथे दोन प्रकारच्या मदतींची गल्लत सर्वाधिक नुकसान करते असे माझे निरीक्षण आहे. काही मदत काढून घेण्यासाठीच दिलेली असते. डेव्हिड वुड, जेरोम ब्रूनर आणि गेल रॉस यांनी १९७६ मध्ये तिला बांधकामाच्या परांचीची उपमा दिली: भिंत उभी राहिली की परांची उतरवायची. भागाकाराच्या पायऱ्या लिहिलेले कार्ड, निबंधाचा सांगाडा, शेजारी बसून दिलेली आठवण, या सर्वांची उतरवण्याची योजना पहिल्याच दिवशी करायला हवी. आज पाच पायऱ्या लिहून दिल्या, तर पुढच्या पंधरवड्यात शेवटची पायरी पुसायची, मग तिच्या आधीची. अशी योजना नसेल तर मदतनीस मुलाच्या बाजूला बसतो आणि बसूनच राहतो. मायकेल जियांग्रेको आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवले की सतत चिकटून असलेल्या प्रौढामुळे मूल वर्गमित्रांपासून तुटते, स्वतः होऊन काही करण्याचे सोडते आणि वर्गशिक्षकही त्याची जबाबदारी आपली मानेनासे होतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सहायकांच्या कामाचा जो मोठा अभ्यास झाला, त्यातही सहायकांची अधिक मदत मिळणाऱ्या मुलांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी आढळली. दोष सहायकांचा नव्हता. सर्वांत कठीण मूल सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाकडे सोपवण्याचा होता. माझ्या मते शाळेत एक जास्तीचे माणूस उपलब्ध असेल, तर त्याने उरलेल्या वर्गाकडे पाहावे आणि वर्गशिक्षकाने रोज काही वेळ त्या मुलाजवळ बसावे.

दुसऱ्या प्रकारची मदत काढायची नसते. चश्मा, श्रवणयंत्र, चाकाची खुर्ची यांबद्दल कोणी ‘सवय लागेल’ असे म्हणत नाही, पण मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, टंकलेखन किंवा चित्रांद्वारे बोलण्याचा तक्ता यांबद्दल मात्र ही भीती लगेच व्यक्त होते. चित्रतक्ता दिला तर मूल बोलण्याचा प्रयत्न सोडून देईल, ही भीती मी असंख्य घरांत ऐकली आहे. उपलब्ध अभ्यासांतून तसे दिसत नाही; बहुतेक मुलांचे बोलणे त्यामुळे कमी होत नाही आणि काहींचे थोडे वाढते. वाढले नाही तरी काय बिघडले? मुलाला पोटात दुखते हे सांगता आले.

ही गल्लत किती दूर जाऊ शकते याचे उदाहरण बधिर मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासात आहे. १८८० मध्ये मिलान येथे भरलेल्या शिक्षकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून खुणांची भाषा हटवून केवळ तोंडी पद्धतीने शिकवावे असा ठराव केला. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. पुढची कित्येक दशके अनेक देशांतील बधिर मुलांना वर्गात हात हलवण्याची बंदी झाली आणि ओठ वाचण्याच्या धडपडीत त्यांचा बाकीचा अभ्यास बुडाला. १९६० मध्ये विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेला स्वतःची रचना आहे, ती पूर्ण भाषा आहे, हे दाखवून दिले. मिलानच्या ठरावांबद्दल अधिकृत खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हर परिषद उजाडावी लागली. मुलाला ‘इतरांसारखे’ करण्याच्या उत्साहात त्याच्या हातातले चालू साधन काढून घेणे हा प्रकार तेव्हा संपला असे मात्र समजू नये.

परीक्षेतील सवलतींवरून होणारा वाद याच्याच पोटातला आहे. जादा वेळ किंवा लेखनिक देणे इतरांवर अन्याय नाही का, असे हुशार मुलांचे पालक विचारतात आणि प्रश्न टाळण्यासारखा नाही. उत्तर एवढेच की ती परीक्षा काय मोजण्यासाठी आहे हे आधी ठरवावे. गणिताच्या परीक्षेत गणित मोजायचे असेल, तर प्रश्न वाचून दाखवल्याने कोणाचेही गणित सुधारत नाही. वाचनाचा अडसर तेवढा दूर होतो. वाचनाचीच परीक्षा असेल तर मात्र उतारा वाचून दाखवणे योग्य होणार नाही, कारण मग मोजायचे काही उरत नाही. जादा वेळेचे तितके सरळ नाही, कारण वेळ मिळाला तर पुष्कळांना थोडा फायदा होतो. यावर माझे उत्तर थोडे उद्धट आहे: ज्या परीक्षेत वेग मोजायचाच नाही, तिथे सगळ्यांनाच पुरेसा वेळ का देऊ नये?

उपायांच्या बाजारात बरेच काही विकायला आहे, त्याविषयी थोडक्यात. मूल ‘पाहून शिकणारे’ की ‘ऐकून शिकणारे’ हे ठरवून त्याप्रमाणे शिकवल्याने अधिक शिकते याला आधार नाही, असे हॅरल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून मांडले. डिस्लेक्सियावर रंगीत भिंगे आणि डोळ्यांचे व्यायाम यांना पुरेसा पुरावा नाही, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ आणि नेत्रतज्ज्ञ यांच्या संघटनांनी २००९ च्या संयुक्त निवेदनात सांगितले. डिस्लेक्सियासाठीच्या खास छापील अक्षरवळणांचीही (फॉन्ट) तीच गत आहे. अक्षरांतील अंतर आणि आकार वाढवला तर काहींना बरे वाटते, आणि ते कोणत्याही अक्षरवळणात करता येते. पैसे जातात त्याचे दुःख नाही, पण शिकवण्याची वर्षे त्यात जातात.

वैयक्तिक शैक्षणिक आराखडा लिहिताना याच शिस्तीने लिहावा. ‘वाचन सुधारेल’ हे उद्दिष्ट नव्हे, ती इच्छा झाली. ‘दिवाळीच्या सुट्टीपूर्वी’ असे काही न लिहिता मुदत तारखेने लिहावी, आणि ‘या तारखेपर्यंत वेलांटी असलेल्या वीस अपरिचित शब्दांपैकी अठरा शब्द मदतीशिवाय वाचेल’ असे उद्दिष्ट ठेवावे. मग मुदत संपल्यावर कोणालाही ते तपासता येते, आणि साध्य झाले नसेल तर मुलाला बोल न लावता पद्धत बदलता येते. एका वेळी अशी दोन-तीन उद्दिष्टे पुरतात. बारा उद्दिष्टांचा देखणा आराखडा कपाटात राहतो.

आणि आराखडा ठरवताना मूल तेथे असावे. अगदी लहान किंवा न बोलणाऱ्या मुलालाही कोणती वेळ, कोणती जागा, कोणते माणूस आवडते हे दाखवता येते. मोठ्या मुलांच्या बाबतीत तर त्यांना न विचारता ठरवलेली मदत हमखास फसते, कारण बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वर्गासमोर वेगळी प्रश्नपत्रिका घेण्यापेक्षा नापास होणे परवडते. अशा वेळी मदत सर्वांसाठी खुली करावी: पायऱ्यांचे कार्ड टेबलावर ठेवावे, ज्याला हवे त्याने उचलावे. पुष्कळदा ते अशी मुलेही उचलतात ज्यांच्याविषयी कोणाची काहीच तक्रार नव्हती. पालकांनाही मी एकच काम देते, आणि ते घरचा अभ्यास घेण्याचे नसते. मूल कशात रमते आणि तेव्हा किती वेळ एकाग्र राहते, हे त्यांनी लिहून आणावे. ‘पाच मिनिटेही बसत नाही’ म्हणून आलेला मुलगा रविवारी मोटार जोडत दीड तास बसल्याची नोंद येते, आणि बैठकीतला स्वर बदलतो.

वर्ष संपताना सर्वांत दुर्लक्षित राहते ते हस्तांतरण. वर्गशिक्षक बदलतो आणि वर्षभरात कळलेले सगळे नव्याने शोधावे लागते. पहिली परीक्षा होऊन गुण हाती येईपर्यंत मूल पुन्हा ‘आळशी’ झालेले असते. जाड अहवाल नवीन शिक्षक वाचत नाहीत, आणि मोठ्या वर्गाचा भार पाहता मी त्यांना दोष देत नाही. म्हणून एकच पान द्यावे. त्यात मुलाला काय येते हे आधी, ते कुठे अडते हे नंतर, काय केल्याने फायदा झाला आणि काय करून पाहिले पण उपयोग झाला नाही हे त्याखाली, आणि कोणती मदत उतरवत आणली आहे व कोणती कायम ठेवायची आहे हे शेवटी लिहावे. पान मुलाबरोबर बसून लिहावे, त्याच्या शब्दांत एखादी ओळ असू द्यावी, आणि सुट्टी लागण्यापूर्वी ते नव्या शिक्षकाच्या हाती समक्ष द्यावे.